दर वर्षी जिमची फी वाया जाते? बिघाड कुठे आहे ते आधी हजेरीत शोधा

लक्षणं सांगते, तुमच्याशी जुळतात का बघा.

नवं वर्ष किंवा वाढदिवस आला की जिम लावायची. वर्षाचं पॅकेज महिन्याच्या हिशोबाने फारच स्वस्त पडतंय म्हणून तेच घ्यायचं. पहिले तीन आठवडे आठवड्यातून पाच दिवस जायचं. मग एक सर्दी, एक प्रवास, ऑफिसातला एखादा वाईट आठवडा. पाचाचे तीन होतात, तिनाचा एक होतो. चौथ्या महिन्यात जिमची बॅग दारामागच्या खुंटीवर लटकलेली असते आणि तिच्यावर बाकीचे कपडे जमायला लागतात. अकराव्या महिन्यात काउंटरवरून फोन येतो, "मॅडम, रिन्यूअलला चांगली ऑफर आहे," आणि थोडी लाजेखातर, थोडी यंदा तरी जमेल म्हणून आपण पुन्हा वर्षाचे पैसे भरतो.

माझं हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी कारण शोधायला बसले, कारण तोवर "मी आरंभशूर आहे" हे उत्तर दोनदा वापरून झालं होतं आणि त्याने काहीच दुरुस्त झालं नव्हतं.

पहिलं काम: हजेरीचा तक्ता मागा

बहुतेक जिममध्ये दारातच बोटाचा ठसा, कार्ड किंवा अ‍ॅपवर नोंद होते. काउंटरवर जाऊन सांगा, "माझी गेल्या वर्षभराची हजेरी हवी आहे." मागताना अवघडल्यासारखं होतं, तरी मागा. नाहीच मिळाली तर फोनमधला लोकेशनचा इतिहास, घड्याळातली व्यायामाची नोंद, नाहीतर जिमच्या आरशात काढलेले फोटो, यांवरून तारखा निघतात. (हा शेवटचा मार्ग मी पहिल्या वर्षासाठी वापरला. फोटो फक्त पहिल्या महिन्याचे निघाले. तीही एक माहितीच.)

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या तक्त्यात ६१ हजेऱ्या होत्या. मला मनातून शंभरच्या वर वाटत होत्या. आणि ६१ पैकी ३८ पहिल्या दहा आठवड्यांतल्या.

हा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबच्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून २००६ साली निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरच्या वर फी भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळा जात होते. म्हणजे एक खेप त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत होती. त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. पैसे भरताना आपल्या डोळ्यांपुढे पुढच्या महिन्यातले आपण असतो, आणि ते आपण आत्ताच्या आपल्यापेक्षा नेहमीच जास्त शिस्तीचे असतो.

तारखा हातात आल्या की कॅलेंडरवर खुणा करा. एकूण आकडा किती हे कळलं की तो बाजूला ठेवा, आता बघायचंय ते हजेरी तुटली कशी. मला तीन तऱ्हा दिसतात: एकदम तुटलेली, हळूहळू झिजलेली, आणि पहिल्यापासूनच विरळ. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. मी दोन वर्षं झिजलेल्या हजेरीला तुटलेल्या हजेरीचं औषध देत होते.

हजेरी एकदम तुटली असेल तर

कॅलेंडरवर आठवड्याला तीन-चार खुणा दिसतात आणि एका तारखेनंतर सगळं कोरं. त्या तारखेला काय झालं ते आठवायला कष्ट पडत नाहीत. ताप आला होता, परगावी गेलो होतो, परीक्षा होती, पाठीत चमक भरली होती. म्हणून दोष त्या घटनेवर ढकलला जातो. पण ताप चार दिवसांत उतरला होता. पाचव्या दिवशी आपण गेलो नाही, बिघाड तिथे आहे.

परत जाणं अवघड का होतं? एक म्हणजे लाज. ट्रेनर आपुलकीने म्हणतो, "काय मॅडम, बरेच दिवस झाले!" आणि आपल्याला तो टोमणा वाटतो. दुसरं कारण शरीराचं आहे आणि ते जास्त घात करतं. खंडानंतर आपण जुन्याच वजनाने सुरू करतो, वर भरपाई म्हणून दोन सेट (एका दमात सलग केलेल्या आवर्तनांचा गट म्हणजे सेट) जास्त मारतो. अंग दुखायला लागतं ते दुसऱ्या दिवसापासून. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सगळ्यांत जास्त असतं. जिना उतरताना मांड्या थरथरतात, केस बांधायला हात वर जात नाहीत. पुढची खेप चुकते, तिच्या मागोमाग तिसरी. कॅलेंडरवर लांब खंडानंतर एकुलती एक खूण आणि पुन्हा कोरं दिसत असेल, तर हेच झालेलं आहे असं बेलाशक समजा.

तेव्हा परतीचा दिवस मुद्दाम हलका ठेवायचा. जुन्या वजनाच्या निम्मं, प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, अर्ध्या तासात बाहेर. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ताकद फारशी उतरत नाही. दम लवकर उतरतो, म्हणून ट्रेडमिलवर धाप लागली की "सगळं गेलं" असं वाटतं, तेवढं काही गेलेलं नसतं. काही महिन्यांचा खंड असला तरी गेलेली ताकद पहिल्यांदा कमवायला लागली त्याहून कमी वेळात परत येते. (एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. खंडानंतर जोरात व्यायाम केल्यावर स्नायू सुजले, दुखणं नेहमीपेक्षा फार जास्त असलं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर अंगदुखी म्हणून घरी बसू नका. स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडावर ताण आल्याचं ते लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.)

परतण्याबद्दल एक मोठा प्रयोग झालेला आहे. २०२१ साली 'नेचर' या नियतकालिकात तो आला. अमेरिकेतल्या एका जिम साखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांचे ५४ कार्यक्रम आजमावले गेले. जे लागू पडले त्यांनी आठवड्याची हजेरी ९ ते २७ टक्क्यांनी वाढवली. सगळ्यांत वरचढ ठरला तो कार्यक्रम फार साधा होता: ठरलेला व्यायाम चुकला आणि त्यानंतर परत आलात, तर थोडे बक्षिसाचे पॉइंट, किंमत जेमतेम ९ सेंट. आता हेही खरं की चार आठवडे संपल्यावरही परिणाम दिसत राहिला असे कार्यक्रम फक्त ८ टक्के होते, तेव्हा पॉइंटांमध्ये जादू शोधू नका. मी त्यातून एक सवय उचलली. सलग किती दिवस गेले हे मोजणं बंद केलं. साध्या हजेरीला टिक, आणि खाडा पडल्यानंतरच्या हजेरीला टिकेभोवती लाल गोल. महिन्याच्या शेवटी गोल मोजते. सलग २१ दिवसांची साखळी एका तापाने मोडते आणि तिच्याबरोबर उत्साहही. लाल गोल मिळवायला आधी खाडा पडावाच लागतो.

हळूहळू झिजली असेल तर

पहिल्या महिन्यात १६, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात ७, चौथ्यात ३. मध्ये काहीही घडलेलं नाही. कोणी आजारी नव्हतं, गावाला गेलं नव्हतं. इथे सगळे जण "मन लागत नाही" म्हणतात, आणि तिथेच तपास थांबतो. मन लागत नाही म्हणजे काहीतरी रोज घासतंय. ते काय, ते शोधायचं.

एक दिवस घड्याळ लावून बघा. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती मिनिटं, आणि त्यातली व्यायामाची किती. दोन सेटमधली विश्रांती व्यायामातच धरा. रॅक (वजनांचा लांब दांडा, म्हणजे बारबेल, ठेवायची चौकट) रिकामा व्हायची, बेंचवरचा माणूस फोन संपवायची, हव्या त्या वजनाचं दुसरं डंबेल सापडायची वाट बघण्यात गेलेली मिनिटं वेगळी मोजा. माझ्या ७० मिनिटांतली २६ मिनिटं वाट बघण्यात जात होती. म्हणजे तीन खेपांतली जवळपास एक खेप मी नुसती उभी होते, आणि फी त्याचीही भरत होते.

गर्दीवर उपाय तास बदलणं, आणि ते जमत नसेल तर वार बदलणं. आठवड्याची, महिन्याची, वर्षाची सुरुवात झाली की लोक जिमकडे जास्त वळतात. २०१४ सालच्या एका अभ्यासात हे हजेरीच्या नोंदींवरून दिसलं आहे, आणि तुमच्या जिममध्येही सोमवारी संध्याकाळी नुसतं उभं राहिलं तरी दिसेल. आपणही नेमका सोमवारच धरून बसतो, कारण नवी सुरुवात सोमवारीच करायची असते. मंगळवार, गुरुवार, शनिवार धरून बघा. जिम तीच, फी तीच, रॅक मोकळा.

तरीही कोणी तिथे असलंच तर "अजून किती सेट आहेत?" हे विचारायला शिका. "आलटून पालटून करू या का?" हेही चालतं. डंबेलच्या कोपऱ्यात सगळे पुरुषच असताना हे विचारायला मला पाच महिने लागले. विचारल्यावर आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही. त्या पाच महिन्यांत मी रिकाम्या मशीनवर जे मिळेल ते करत होते.

दुसरी घासणारी गोष्ट भिंतीवर लावलेली असते. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार दंड, शुक्रवार पाय, शनिवार पोट आणि कार्डिओ. सहाही दिवस येणाऱ्या माणसासाठी तो तक्ता ठीक आहे. आठवड्यातून तीनदा येणाऱ्याचं काय होतं? अर्धं शरीर राहून जातं, आणि दर आठवड्याला तेच अर्धं, कारण थकवा, कामं, पाहुणे हे सगळं आठवड्याच्या शेवटालाच जमतं. माझ्या पहिल्या वर्षात पायांचा दिवस पाच वेळा आला असेल. आठवड्याला एकदाच हलवलेला स्नायू दर वेळी नव्याने दुखतो, वजन वाढत नाही, प्रगती दिसत नाही. मग मन कसं लागणार?

तीनदा किंवा त्याहून कमी वेळा जात असाल, तर प्रत्येक खेपेला सगळं शरीर घ्या. एक स्क्वॉटच्या, म्हणजे उठाबशांच्या जातीचा व्यायाम, एक ढकलण्याचा (बेंच प्रेस, खांद्यावरचा प्रेस, अगदी पुशअपसुद्धा), एक ओढण्याचा (केबलवरचा रो किंवा लॅट पुलडाउन), एक कंबरेतून वाकून उचलण्याचा, म्हणजे डेडलिफ्टच्या जातीचा, आणि शेवटी पोटाचं काहीतरी. पाच व्यायाम, प्रत्येकी तीन सेट, पाऊण तास. यात एखादी खेप चुकली तरी शरीराचा एकही भाग आठवडाभर उपाशी राहत नाही. खाडा सोसणारा कार्यक्रम हवा, कारण खाडा पडणारच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनाही प्रौढांसाठी सगळ्या मोठ्या स्नायूगटांचा ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस सांगतात. नीट केलेल्या दोन खेपांत हा भाग पुरा होतो.

त्याच सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायामही आहे, म्हणजे झपझप चालणं, सायकल. इथे माझं मत जरा कडक आहे. बजेट तोकडं असेल तर ट्रेडमिलवर चालण्यासाठी फी भरू नका. चालायला रस्ता आहे, जिना आहे. जिममध्ये अशी वस्तू वापरा जी घरी आणता येत नाही: रॅक, बारबेल, केबल, जड डंबेल. बाहेर चालणं सुरक्षित नसेल, पाऊस असेल, गुडघ्यांना मऊ पट्टा लागत असेल, तर गोष्ट निराळी. पण दम घराबाहेर आणि लोखंड जिममध्ये अशी विभागणी केली, की पाच खेपांचं काम दोन-तीन खेपांत बसतं आणि छोटं, स्वस्त पॅकेजही पुरतं.

बरोबर एक लहान वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, किती रेप्स (म्हणजे एका सेटमध्ये हालचाल किती वेळा केली). अ‍ॅपही चालेल, मला वही बरी पडते, कारण फोन हातात घेतला की बाकीचं सगळं सुरू होतं. तीन आठवड्यांपूर्वी २० किलो होतं, आज २५ आहे, हे डोळ्यांनी दिसलं की पुढच्या खेपेला बॅग उचलायला कारण मिळतं.

कानात गोष्ट लावण्याची युक्तीही बरेच जण सांगतात: आवडती श्राव्य कादंबरी फक्त जिममध्येच ऐकायची. २०१४ साली छापून आलेल्या एका प्रयोगात अशी पुस्तकं जिममध्येच ऐकायला मिळालेल्या लोकांची हजेरी सुरुवातीला ५१ टक्क्यांनी जास्त होती, पण मध्ये सुट्टी आली आणि परिणाम विरला. करून बघा, फुकट आहे. सुट्टीनंतर वरचा परतीचा दिवस लागेलच.

पहिल्यापासूनच विरळ असेल तर

इथे फार बोलण्यासारखं नाही. वर्षभर महिन्याला तीन-चार हजेऱ्या, ना चढ ना उतार. तुमच्या आयुष्यात या जिमची जागा एवढीच आहे. कारण बहुधा अंतर किंवा वेळ. घराच्या दारातून निघाल्यापासून आंघोळ करून परत दारात येईपर्यंतचा वेळ एकदा मोजा. पाऊण तासाच्या व्यायामाला सव्वादोन तास लागत असतील तर कुठलीही ऑफर ते भरून काढणार नाही. जवळची, कमी झगमगीची, जुन्या मशीनची जिम लांबच्या चकचकीत जिमपेक्षा जास्त हजेरी देते. आणि तीही नको असेल तर दिवसाचा किंवा दहा खेपांचा पास विचारा. पाटीवर तो लिहिलेला नसतो, विचारल्यावर बऱ्याचदा निघतो.

आता पॅकेजचा हिशोब

चलन कुठलंही असो, महिन्याची फी १०० धरा. समजा तीन महिन्यांचे २४० आणि वर्षाचे ७२० आहेत. काउंटरवर तुम्हाला सांगतात, "वर्षाचं घेतलं तर महिना ६० लाच पडतो." हे फक्त बाराही महिने आलात तरच खरं. ७२० ला १०० ने भागा: ७.२. म्हणजे वर्षात आठ महिने खरोखर आलात तरच वर्षाचं पॅकेज महिन्या-महिन्याच्या फीपेक्षा स्वस्त. चार महिन्यांत सुटणाऱ्याने वर्षाचं घेतलं तर ७२०, महिन्याने घेतलं असतं तर ४००. महाग दिसणारं पॅकेज त्याला ३२० ने स्वस्त पडलं असतं.

हाच भागाकार पासालाही लावा. दिवसाचा पास १० ला असेल, तर १०० भागिले १० म्हणजे महिन्याला दहा खेपा. दहाच्या खाली राहत असाल तर पास, वर जात असाल तर महिन्याची फी. माझ्या ६१ हजेऱ्या पासाने ६१० ला पडल्या असत्या, वर्षाचे मी भरले ७२०. आणि शेवटचे नऊ-दहा महिने मिळून फक्त २३ खेपा होत्या, त्या तर २३० मध्ये.

यात दोन खड्डे आहेत. रजिस्ट्रेशन फी दर वेळी नव्याने लागते का, ते विचारा. महिन्याने भरणाऱ्याचा एक महिना चुकला आणि पुन्हा ५० भरावे लागले, तर हिशोब पालटतो. ती माफ करून मागा, महिनाअखेरीला काउंटरवरचा माणूस जरा मऊ असतो. दुसरं, आपोआप पैसे कापले जाणारं महिन्याचं पॅकेज. वरच्याच २००६ सालच्या अभ्यासात शेवटची खेप आणि सभासदत्व रद्द करणं यांच्यात सरासरी २.३१ पूर्ण महिने गेलेले दिसले. पैसे कापले जात होते आणि माणसं पुढच्या आठवड्यात जाणार होती. आपोआप कापणी लावलीत तर त्याच दिवशी फोनमध्ये महिन्याची आठवण लावा: "गेल्या चार आठवड्यांत किती?" शून्य असेल तर त्याच दिवशी रद्द.

हजेरी झिजणाऱ्यांसाठी तीन महिन्यांचं पॅकेज मला सगळ्यांत बरं वाटतं, जरी ते वर्षाच्यापेक्षा महाग दिसलं तरी. पैसे भरल्यानंतरचे काही आठवडे माणूस जास्त जातो आणि नंतर फी भरल्याचं विसरत जातो. २००२ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये हेल्थ क्लबच्या हजेरीवरून हे दाखवलं होतं, आणि दर महिन्याला भरणाऱ्यांची हजेरी त्यात सगळ्यांत सपाट, एकसारखी होती. वर्षाची फी एकदाच टोचते.

सही करण्याआधी

एक दिवसाचं ट्रायल घ्या, पण तुम्ही रोज ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला. दुपारी बाराला रिकामी, गारेगार जिम दाखवून सगळेच विकतात. रॅक किती आणि त्यावर माणसं किती, एवढं मोजलं तरी पुरे.

मग फ्रीझ, म्हणजे सभासदत्व काही दिवस थांबवून ठेवण्याची सोय. वर्षात किती दिवस, किती वेळा, एका वेळी कमीत कमी किती दिवसांचं, आणि आधी कळवावं लागतं की नंतर चालतं? माझ्या दुसऱ्या वर्षी मला तोंडी सांगितलं होतं, "फ्रीझ आहे ना, काळजीच नको." हाताला प्लॅस्टर घालून गेले तेव्हा कळलं की अर्ज सात दिवस आधी द्यायचा होता. हाड सात दिवस आधी सांगून मोडत नाही, पण कागदावर तसं होतं आणि सही माझी होती. तेव्हापासून तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मी तिथेच उभं राहून मेसेजवर लिहून पाठवते: "तुम्ही आत्ता सांगितलंत की आजारपणात नंतर कळवलं तरी फ्रीझ मिळेल, बरोबर?" "हो" असं उत्तर आलं की मगच पैसे. उत्तर आलं नाही तर तेही उत्तरच.

सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, जिम दुसरीकडे हलली किंवा बंद पडली तर उरलेल्या महिन्यांचं काय, रद्द करायला किती दिवस आधी सांगायचं, हेही त्याच मेसेजात. आणि "ऑफर आजच्या दिवसापुरतीच" असेल तर घरी जाऊन झोपा. ती बहुधा पुढच्या आठवड्यातही असते.

पर्सनल ट्रेनिंगबद्दल थोडक्यात. नवशिक्याला कोणीतरी हालचाल शिकवणं गरजेचं आहे, पण महिनाभर रोज शेजारी उभं राहून रेप्स मोजणारा माणूस बजेटला परवडत नाही. सुटी सत्रं मिळतात का विचारा. चार घ्या आणि पसरून घ्या: पहिली दोन पहिल्याच आठवड्यात पाचही व्यायाम शिकायला, तिसरं महिन्याभराने चुका दुरुस्त करायला, चौथं वजन अडकेल तेव्हा. प्रत्येक व्यायामाचा बाजूने व्हिडिओ काढून घ्या. मधल्या काळात तोच शिक्षक.

फी भरून झालीय आणि सात महिने उरलेत, आता?

"पैसे वसूल करायचे" म्हणून उद्यापासून सहा दिवस जाऊ नका. सहा दिवसांचा बेत म्हणजे बुधवारी अंगदुखी आणि शनिवारी पुन्हा कोरं कॅलेंडर. भरलेले पैसे गेले. आता प्रश्न उरलेल्या सात महिन्यांत किती खेपा बसतात एवढाच आहे. आठवड्याला दोन धरल्या तरी साठच्या आसपास होतात, आणि माझ्या अख्ख्या वर्षाच्या ६१ होत्या.

आज काउंटरवर फोन करून फ्रीझचे किती दिवस उरलेत ते विचारा. येत्या आठवड्यात नक्की मोकळे असे दोन वार ठरवा, सोमवार सोडून. पहिल्या दिवशी निम्मं वजन, अर्धा तास. जाणं खरंच शक्य नसेल, घर बदललं असेल किंवा कामाची पाळीच बदलली असेल, तर नाव बदलून कोणाला देता येतं का ते आत्ताच बघा, दहाव्या महिन्यात कोणी घेत नाही.

मी सध्या तीन महिन्यांच्या पॅकेजवर आहे, हे पाचवं. दर वेळी काउंटरवरचा मुलगा वर्षाचं पुढे सरकवतो आणि महिना कितीला पडेल ते कॅल्क्युलेटरवर दाखवतो. मी माझं कॅलेंडर उघडते. गेल्या तिमाहीत २९ टिका आणि ६ लाल गोल होते. "अजून तीन महिन्यांचंच दे," म्हटलं, आणि रजिस्ट्रेशन फी माफ करून घेतली.